तडा शेजारी जातो

मराठी घरात धातूंची एक स्वतंत्र वर्गवारी असते. वाटी, ताट, डबा हे सगळं 'स्टीलचं'. विळी, सांडशी, पळी हे 'लोखंडाचं'. आणि घावनांचा तो जाड, काळाकुट्ट, उचलताना मनगट दुखवणारा तवा 'बिडाचा'. रसायनशास्त्राच्या हिशोबाने तिन्हींचं मूळ लोखंडच. पण आज्यांना त्यातला फरक बरोब्बर माहीत होता. स्टील कसंही घासा. लोखंड पुसून ठेवा. आणि बिडाच्या तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र ओतू नका. ओतलंत तर 'टण्ण' असा एक आवाज येतो, आणि मग तव्याला नमस्कार करून नवीन आणावा लागतो.

तो 'टण्ण' हा आजचा विषय.

मी सॉफ्टवेअरवाला. पुण्यात दिवसभर काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडातले बग शोधणं हा पोटापाण्याचा धंदा. वेल्डिंगशी संबंध म्हणाल तर फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या तासाला एक लॅप जॉइंट केला होता, तेवढाच. पण गाव यवतमाळ, आणि बाबांचे एक लंगोटीयार आर्णी रोडवर कित्येक वर्षांपासून वेल्डिंगचं दुकान चालवतात. त्यामुळे थंडीत घरी गेलो की एक अख्खा शनिवार काकांच्या दुकानात जातो. बाकीचे मित्र लाँग वीकएंडला गड चढतात, मी लोखंड बघायला जातो. हौस एकेकाची!

काकांकडे साधं लोखंड जोडायला माणसं येतातच. गेट, खिडकीची ग्रील, ट्रॉलीचा हूक, वखराची पास. हे काम त्यांचा हेल्पर पोरगा पण करतो. मात्र बीड किंवा स्टेनलेस आलं की काका स्वतः स्टूल ओढून बसतात. आणि बसल्यावर मशीन सुरू करत नाहीत, आधी उलटतपासणी घेतात.

"कधी फुटलं? याच्या आंधी कोनं जोडलं? कोन्ता रॉड मारला? फुटलं तवा मशीन चालू होती का बंद?"

गिऱ्हाईक वैतागतं. त्याला वाटतं, अरे, डॉक्टरकडे आलोय का पोलीस स्टेशनात? पण मला हे ऐकायला फार आवडतं. कारण रोज सकाळी मीटिंगमध्ये आम्ही हेच विचारत असतो. कधीपासून होतंय? शेवटचा बदल कोणी केला? काय बदललं? फरक एवढाच की आमच्याकडे जुन्या बदलांची सगळी नोंद मशीनमध्ये असते आणि चुकलं तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं. लोखंड एकदा तापलं की मागे जायची सोय नाही.

आता यवतमाळात बीड कुठून आलं ते थोडं सांगतो.

आमचा जिल्हा कापसाचा. इंग्रजांनी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाईन टाकली ती कापूस मुंबईकडे आणि तिथून पुढे बोटीने न्यायला. तीच आमची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं होतं, ते १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत राबलं. नंतर डिझेल आलं आणि आता ती गाडीही बंद पडली आहे. या कापसाच्या मागोमाग जिल्ह्यात जिनिंग आले. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना. जुन्या जिनिंगमध्ये एक लांबलचक लाईन शाफ्ट असायचा, आणि त्याच्यावरून पट्ट्यांनी ओळीतली सगळी मशीनं फिरायची. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं, त्यात बऱ्याच जिनिंगचं आधुनिकीकरण झालं. पण जुनी व्यवस्था पार गेली असं नाही. आणि या जुन्या मशीनरीचे जड भाग (पुल्या, गिअरची घरं, शाफ्टखालच्या बैठका) सगळे बिडाचे.

बीड का? कारण ते वितळून साच्यात ओतायला सोपं, स्वस्त, दाबाखाली भक्कम आणि कंप पिऊन टाकणारं. वाईट गोष्ट एकच, की ते वाकत नाही. साधं लोखंड ताणलं तर आधी लांबतं, वाकतं, कुरकुर करतं आणि मग तुटतं. बीड कुरकुर करत नाही. ते सहन करतं, करतं आणि एक दिवस टण्ण!

गेल्या जानेवारीत मी दुकानात बसलो असताना एका जिनिंगमधून असंच एक पेडेस्टल आलं. पेडेस्टल म्हणजे लाईन शाफ्टची बेअरिंग ज्याच्यावर बसते ती बिडाची बैठक. चांगली दोन माणसांनी उचलून आणली. एक पाय तुटलेला. तोच पाय आधी दोनदा तुटून दुसरीकडे जोडला होता, हा तिसरा प्रसंग. जुन्या मापाची वस्तू, बाजारात तयार मिळत नाही. नवीन ओतून आणायची तर लाकडी नमुना करण्यापासून सुरुवात. आणि सीझन ऐन भरात. ती एक बैठक नाही म्हणून मशीनांची आख्खी ओळ बंद, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या. ज्याने भाड्याची गाडी करून कापूस आणलाय त्याचं भाडं तासागणिक चढत असतं, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

काकांनी तो पाय ओल्या फडक्याने पुसला, उन्हात फिरवून पाहिला आणि मला जवळ बोलावलं.

"पाह्य. जोड नाई तुटला. जोडाच्या बाजूचं तुटलं."

खरंच. आधीच्या वेल्डिंगचा पट्टा जसाच्या तसा होता. तडा गेला होता तो पट्ट्याला समांतर, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सोडून, मूळ बिडातून. आणि गंमत म्हणजे बाकी सगळी वस्तू गंजलेली असताना तो पट्टा मात्र चकचकीत.

"स्टीलचा रॉड मारला कोनंतरी," काका म्हणाले. "महाग रॉड, म्हणून पक्का जोड. असं वाटते लोकायले."

बीड आणि स्टेनलेस या दोन धातूंची सगळी भानगड या एका तुकड्यात एकत्र आली होती. म्हणून जरा खोलात जातो. (कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, पण घरी स्टीलची टाकी किंवा रेलिंग असेल तर गाळू नका!)

साध्या लोखंडात, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन असतो पाव टक्क्याच्या आत. बिडात तो अडीच ते चार टक्के. हा कार्बन बिडाच्या पोटात ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. म्हणजे आधीच आतमध्ये हजारो छोट्या चिरा आहेत असं समजा. वेल्डिंगच्या झोताने जोडाजवळचा एक अरुंद पट्टा प्रचंड तापतो, आणि बाजूचं थंडगार बीड ती उष्णता झपाट्याने ओढून घेतं. या धावपळीत कार्बनला पुन्हा पापुद्रे धरून बसायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाशीच संयोग पावतो आणि तो पट्टा काचेसारखा कडक, ठिसूळ होतो. इतका की कानशीने घासला जात नाही, ड्रिल मारलं तर बिट घसरतं. त्यात वरचा जोड थंड होताना आकसतो आणि शेजाऱ्याला आपल्याकडे खेचतो. शेजारी ठिसूळ. तो कुठे ताणला जाणार? फुटतो.

स्टेनलेसच्या रॉडने हे दुखणं दुप्पट होतं. एक तर स्टेनलेस तापल्यावर बिडापेक्षा साधारण दीडपट प्रसरण पावतं, म्हणजे थंड होताना आकसतंही तेवढंच जास्त. दुसरं म्हणजे त्याच्यातलं क्रोमियम हे कार्बनचं भुकेलं. बिडातला कार्बन ओढून घेऊन ते कडक कार्बाइड बनवतं. सीमेवर अजून एक ठिसूळ थर. जोड दिसायला सुंदर, आणि पहिल्या झटक्याला बाजूचं गेलं.

मग बीड जोडायचं कसं? काकांची पद्धत मी कितीतरी वेळा पाहिली आहे, आणि नंतर पुस्तकांत वाचलं तेव्हा ती तंतोतंत जुळली.

आधी तडा कुठे संपतो ते शोधायचं. डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे तो गेलेला असतो. रॉकेल लावून पुसायचं, वर खडू फासायचा, चिरेतलं रॉकेल खडूत उमटून येतं. त्या शेवटच्या बिंदूच्या किंचित पुढे एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा तिथे अडतो. टोकाला ताण एकवटतो म्हणून तडा पुढे पळतो, गोल भोकाला टोकच नसतं. मग ग्राइंडरने 'व्ही' काढायचा. वर्षानुवर्षं ऑईल प्यालेलं बीड असेल तर हलक्या आंचेवर ते ऑईल आधी जाळून काढायचं. नाहीतर जोडात साबुदाण्याएवढे बुडबुडे दिसतात आणि लोक रॉडला शिव्या देतात.

पुढे दोन रस्ते. एक गरम, एक गार. गरम रस्त्यात आख्खी वस्तू कोळशाच्या भट्टीत पाच-सहाशे अंशांपर्यंत सावकाश तापवायची, गरम असतानाच जोडायची, आणि मग राखेत किंवा कोरड्या रेतीत पुरून सावकाश गार करायची. गार रस्त्यात निकेलचा रॉड घ्यायचा, इंचभर टाका मारायचा, लगेच हलक्या हातोडीने तो ठोकायचा, आणि उघडा हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. मग पुढचा टाका, तोही जरा दूर. हातोडी कशासाठी? तर आकसू पाहणाऱ्या धातूला ठोकून थोडं पसरवायचं, म्हणजे तो शेजाऱ्याला कमी खेचतो. आणि निकेल का? कारण ते स्वतः मऊ, ताणलं जाणारं, आणि कार्बनशी संधान न बांधणारं. रॉड महाग पडतो, पण बिडाशी त्याचं जमतं.

दोन्ही रस्ते बरोबर. चूक आहे ती मधली पायवाट. वस्तूचा एकच कोपरा गॅसने लालबुंद करायचा, भराभर जोडायचं आणि वर पाणी मारून "घ्या, झालं" म्हणायचं. तव्याची आणि आजीची गोष्ट आठवा.

पेडेस्टलचा पाय दोन जाड भागांच्या मध्ये अडकलेला होता, आकसायला जागाच नव्हती. काकांनी गरम रस्ता निवडला. स्टेनलेसचा जुना पट्टा पूर्ण घासून काढला, त्याच्याखालचा कडक झालेला भागही काढला. दुपारी भट्टी लावली. जोडून झालं तेव्हा अंधार पडला होता. मग ते धूड राखेत पुरलं, वरून पत्रा झाकला.

रात्री नऊला जिनिंगचा माणूस हजर. सोबत एक शेतकरी, बहुतेक त्याचीच गाडी लाईनीत पुढे असावी. दोघांचे चेहरे बघवत नव्हते.

"काढून द्या ना भाऊ आता. जोडून तं झालं."

"सकाळी."

"पंखा लावून गार करू ना."

"सकाळी," काका पुन्हा म्हणाले.

"गाड्या उभ्या हायेत हो. यायचं भाडं कोन देईन?"

आमच्या धंद्यात हा संवाद रोज होतो. क्लायंट फोनवर असतो, मॅनेजर पाठीमागे उभा असतो, आणि काहीतरी करून आत्ता चालू करून द्या असा धोशा असतो. बहुतेक वेळा आम्ही देतोही. काकांनी दिलं नाही. पण ते चिडलेही नाहीत. शेतकऱ्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "दादा, आज काढलं तं उद्या पुन्हा तुटन. मंग तुमी दोन दिवस उभे राहसान. आता एकच रात्र हाय."

शेतकऱ्याने राखेच्या ढिगाकडे पाहिलं, मान हलवली. त्याला पटलं असावं. पेरणीनंतर वाट बघणाऱ्या माणसाला थांबणं समजावून सांगावं लागत नसणार. जिनिंगचा माणूस मात्र फोन काढून बाहेर फेऱ्या मारत राहिला.

सकाळी राखेतून ते काढलं तेव्हाही कोमट होतं. हातोडीने टिचकी मारली. फुटलेलं बीड भद्द बोलतं, अखंड बीड घंटेसारखं. घंटा वाजली. मला वाटलं, संपलं काम. पण काका त्या गाडीत बसून जिनिंगमध्ये गेले. मी पण गेलो.

तिथे त्यांनी आपल्या पेडेस्टलकडे पाहिलंच नाही. शेजारच्या पेडेस्टलपाशी उकिडवे बसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली, पाणसळ लावली. शेजारच्या बैठकीचे पायाचे बोल्ट ढिले झाले होते आणि ती एका बाजूला खचली होती. म्हणजे शाफ्टचा जो भार दोघांनी वाटून घ्यायचा तो आपला पाय एकटाच घेत होता, वर प्रत्येक फेऱ्यात एक हिसका. वेल्डिंग कितीही चांगलं केलं असतं तरी चौथ्यांदा तुटलंच असतं. खाली पत्र्याचं पॅकिंग देऊन, बोल्ट आवळून, दोरीत आणून मगच काकांनी शाफ्ट फिरवू दिला. दुपारपर्यंत ओळ चालू झाली.

यातून मला जे कळलं ते असं. तुटलेली जागा ही फक्त निरोप देते. बिघाड बहुतेक वेळा शेजारी असतो. कधी जोडापासून दोन मिलिमीटरवर, कधी दहा फुटांवर.

आता स्टेनलेसची बाजू. तिथेही गोष्ट शेजाऱ्याचीच, फक्त उलटी.

पिण्याच्या पाण्याचे जार भरून विकणारा एकजण त्याच दिवशी स्टीलची टाकी घेऊन आला. वर्षभरही झालं नव्हतं आणि जोडांच्या कडेकडेने तांबूस डाग आणि सुईच्या टोकाएवढी गळती. "स्टील असून गंजते कसं?" हा त्याचा सवाल, आणि तो अगदी रास्त होता.

स्टेनलेस गंजत नाही कारण त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागताच त्याचा डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो, तो खालच्या लोखंडाला झाकतो. ओरखडा पडला तर पापुद्रा पुन्हा धरतो. म्हणजे खरं राखण करणारं क्रोमियम. पण स्टेनलेस ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर कार्बाइड बनवतो. वजनाचा हिशोब मांडला तर एक भाग कार्बन सोळा-सतरा भाग क्रोमियम गिळतो. तेवढ्या पट्ट्यात राखण करायला पुरेसं क्रोमियम उरत नाही. हा पट्टा कुठे असतो? जोडात नाही, जोडाच्या शेजारी, जिथे तापमान नेमकं त्या मधल्या टप्प्यात गेलेलं असतं.

म्हणजे बिडाला घाई मानवत नाही, आणि स्टेनलेसला रेंगाळणं मानवत नाही. बिडाला राखेत झोपवायचं, स्टेनलेसला कमी करंट, सरळ हात, छोटे टाके आणि लवकर गार. एकाचं औषध दुसऱ्याला विष. दोन्ही कामं एकाच सवयीने करणारा माणूस दोन्हीकडे फसतो.

टाकी बघून काकांनी जे एकेक सांगितलं ते साधारण असं:

जोडाचा रंग बघायचा. फिकट सोनेरी म्हणजे उष्णता बेताची. निळा, जांभळा म्हणजे जास्त. राखाडी-काळा म्हणजे जाळलं. रंग नुसता दिसायला वाईट नसतो, त्याच्याखाली क्रोमियम कमी झालेला थर असतो. तो घासून किंवा पिकलिंग पेस्टने काढावाच लागतो. ही पेस्ट म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाचं मिश्रण, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड तर अजिबात नको, त्यातलं क्लोराइड स्टेनलेसचा वैरी.

जोडाच्या मागच्या बाजूला हात फिरवायचा. आत करपलेल्या साखरेसारखं खरखरीत लागलं तर समजायचं की वरून आर्गॉन सोडला, आत सोडलाच नाही. मागची बाजू हवेत जळली. त्या खरखरीत पाणी आणि घाण अडकते आणि गंज तिथून सुरू होतो. पाइप असेल तर दोन्ही तोंडं बंद करून आतही आर्गॉन भरावा लागतो.

ज्या तारेच्या ब्रशने गेट घासलं त्याच ब्रशने स्टेनलेस घासलं तर लोखंडाचे कण त्यावर बसतात आणि तेच गंजतात. काकांकडे स्टेनलेसचा ब्रश आणि ग्राइंडरची चकती वेगळ्या खिळ्यावर टांगलेली असते. तिला हेल्परने हात लावला तर ओरडा ठरलेला.

पत्रा पापडासारखा वाकतो, कारण स्टेनलेस जास्त प्रसरण पावतं आणि उष्णता साध्या लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने पुढे सरकवतं. उष्णता एकाच जागी साचते. उपाय म्हणजे जवळजवळ टॅक, मागे तांब्याची पट्टी आणि टाके उलटसुलट क्रमाने. जोडाच्या शेवटी चांदणीसारखी बारीक चीर दिसली तर झोत झटकन तोडला असणार. शेवटचा खड्डा भरून मग हात उचलायचा.

आणि सगळ्यात आधी, ते स्टील कोणतं? लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, हा समज खोटा आहे. २०२ सारख्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्यालाही चुंबक चिकटत नाही. थेंब टाकून रंग बघायची रसायनं मिळतात, ती वापरायची. पिण्याच्या पाण्यासाठी, वेल्डिंग करायचं असेल तर, ३०४ एल घ्यावं. त्यातला 'एल' म्हणजे कमी कार्बन, जास्तीत जास्त ०.०३ टक्के. गिळणाराच कमी, त्यामुळे क्रोमियम शाबूत. सोबत रॉड किंवा वायर ३०८ एल. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९ एल.

जारवाल्याची टाकी दोन-चार डाग देऊन वाचणारी नव्हती. काकांनी तसं सरळ सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. 'होणार नाही' हे उत्तर देता येणं हीसुद्धा दुरुस्तीच, असं मला वाटतं.

असो. आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

त्या दिवशी काका जोडत होते, तेव्हा मी दारात होतो आणि हेल्पर शेजारी वस्तू धरून उभा होता. काकांच्या तोंडासमोर काच होती. पोराच्या समोर काहीच नव्हतं. झोत पेटला की तो मान वळवायचा, बस. असा थोडा वेळ जरी पाहिलं तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि मग बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचं, हे तिथलं औषध. बटाट्याने गार वाटतं, पण जळलेला डोळा बटाट्याने भरून येत नाही. धुराचंही तसंच. स्टेनलेस जोडताना निघणाऱ्या धुरात सहा संयुजेचं क्रोमियम असतं. पत्र्याची राखण करणारं तेच क्रोमियम, वाफ होऊन फुफ्फुसात गेलं की कर्करोगाचं कारण ठरतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधले अतिनील किरण, दोन्ही पहिल्या गटात टाकले. म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेला गट. आणि दुकानातला उपाय काय? संध्याकाळी गुळाचा खडा. गूळ छातीतला धूर काढतो म्हणे! गूळ पोटात जातो हो, छातीत नाही.

मी म्हटलं, "काका, निदान पंखा तरी लावा."

"आर्गॉन उडून जाते ना बाबू. जोडात भोकं पडतात."

हे खरं आहे. झोताभोवती आर्गॉनचं कवच टिकायला हवा स्थिर लागते, आणि हवा स्थिर असली की धूर नाकासमोरच राहतो. जोड चांगला हवा तर माणूस वाईट हवेत. यावर उत्तर आहे, फक्त ते पंखा नाही. जोडाच्या जवळून, बाजूने हळू धूर ओढणारा पाइप लावायचा, म्हणजे कवच मोडत नाही आणि धूर डोक्यापर्यंत येत नाही. सोबत धूळ-धूर गाळणारा मास्क. कापडी रुमाल नव्हे. आणि शेजारी उभ्या असणाऱ्यालाही काच.

मी त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळीस वर्सं झाले. माझं जे व्हायचं ते झालं."

"तुमचं सोडा. त्या पोट्ट्याचं काय? तो तर जोडाच्या बाजूचा."

ते हसले. पण त्यांनी पोराकडे पाहिलं.

मी पुण्याहून मास्क आणि एक जास्तीची हेल्मेटची काच पाठवली. एवढ्याने काही क्रांती होत नाही, मला माहीत आहे. जिल्ह्यात अशी कितीतरी दुकानं असतील, आणि सीझनमध्ये फाटकाबाहेर गाड्या उभ्या असताना कोण मास्क शोधत बसतो! पण परवा फोनवर बाबांनी सांगितलं, दुकानात नवा नियम झालाय. पोराच्या तोंडावर काच असल्याशिवाय काका रॉड पेटवत नाहीत. धूर ओढायला कुलरची जुनी मोटर लावून काहीतरी खटाटोपही चालू आहे म्हणे.

आणि पेडेस्टल? मी काकांनाच विचारलं.

"चालू हाय. आता शेजारच्याचे बोल्ट दर आठवड्याले पाहतात."